चिंचेपासून दुसरं घर

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

पोचले एकदाची. बोचकी सोडली, पाय धुतले, नातू मांडीवर घेतला, आणि आता तो झोपला म्हणून लिहायला बसले. ही डायरी मच्छीमार सोसायटीने दिवाळीत जगनला दिली होती. जगन माझा मुलगा, करंजाला होडीवर असतो, त्याला लिहायचं काय काम. मी आपली साक्षरता वर्गात जाऊन आलेली बाई. वर्गातल्या बाई म्हणायच्या, वेणूबाय, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षराला गंज चढेल, आणि बोलता तसं नको, पुस्तकात असतं तसं लिहा. तर पुस्तकातल्यासारखं लिहिते आहे. मध्येच आमचं नाय-हाय घुसलं तर घुसलं, मी काय मास्तरीण नाही.

पनवेलच्या एसटी स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला बोलका होता. मांडीवर सुकटीची पिशवी होती म्हणून त्याने नाकाला रुमाल लावला आणि वर मलाच विचारलं, मावशी, कोलंबी आहे का आत. मुठेपाड्यात कुणाकडे, म्हणाला. मी म्हटलं, जावयाकडे, दीपेशचं घर. त्याला माहीत नव्हतं. समीक्षाने फोनवर खूण सांगितली होती तीच सांगितली, चिंचेपासून दुसरं घर. चिंच मोठी आहे, रस्त्यावरूनच दिसते. खाली पार, पारावर गावदेवीचा शेंदरी दगड. तिथून ओटा दिसतो आणि ओट्यावर माझी समीक्षा उभी, कानाला फडकं बांधून. पाय कसे उचलले ते माझं मलाच ठाऊक नाही.

नातू काय सांगू. नाक तर आमच्या ह्यांचं. कानाच्या पाळ्यासुद्धा त्यांच्या. मी तोंडाजवळ तोंड नेलं की एवढासा जीव टक लावून बघतो. समीक्षा म्हणाली, बय, एवढ्या लहानाला दिसत नसतं. (आमच्याकडे आईला बय म्हणतात.) मी म्हटलं, तुला काय कळतंय, मला ओळखतो तो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे होतं. मी किती निरोप धाडले. दीपेश म्हणाला, इस्पितळ जवळ आहे, कशाला धावपळ. तो तळोज्याला कंपनीत फिटर आहे, माणूस शांत. आज जरा जास्तच शांत वाटला. पोरगा झाल्यावर पुरुष घाबरतात तसा असेल.

दुपारी नव्या विमानतळाच्या कामावर डोंगरात सुरुंग उडाला आणि मांडणीवरची भांडी वाजली. मी दचकले, बाळ नाही दचकलं. सवय झाली त्याला. डास मात्र मरणाचे. करंजाला वारा असतो, डास टिकत नाहीत. इथे खाडीचा चिखल, संध्याकाळ झाली की ढग येतो नुसता. हात-पाय खाजवून लाल झाले. नव्या पाहुणीचं रक्त गोड लागतं म्हणे.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पाडा बघून आले. मला गप्प बसवत नाही हे सगळ्या करंजाला माहीत आहे. नळावर बायका होत्या, मी म्हटलं, मी दीपेशची सासू, काल आले. एकीनेही वर बघितलं नाही. हंडे भरले आणि गेल्या. माझ्या अंगाला एकीचा हंडा लागला तर तिने हंड्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मग जायफळ घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने माझ्यानंतर आलेल्या सगळ्यांना सामान दिलं, मग शटर ओढलं. मला वाटलं बहिरा असेल. मी बाहेरून ओरडून सांगितलंसुद्धा की उरणला कानाचा एक चांगला डॉक्टर आहे.

जमिनीला भाव आला की माणसाची मान ताठ होते. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहणारे हेच लोक, आता दाराशी गाडी, मग आम्ही कोळणी कशाला दिसतोय. जाऊ दे. बारशाला गोडाचं जेवायला येतील तेव्हा विचारते एकेकीला.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं कळलं. मला आधी सांगितलं नाही म्हणून मी समीक्षाशी दुपारभर बोलले नाही, आणि मग माझंच मला वाईट वाटलं. त्या पोरीशी न बोलणारी मी आणखी एक कशाला.

झालं असं की बारशाचं आमंत्रण करायला मी कुंकवाची कोयरी घेऊन निघाले. समीक्षाने ती हातातून ओढली आणि रडायलाच लागली. म्हणाली, बय, कुणी येणार नाय. आमी वाळीत हाव.

गेल्या वर्षी पाड्यात पंपाची मोटर चोरताना एक पोरगा सापडला. रामू नाव, भंगार गोळा करायचा, कुठला कुणास ठाऊक. त्याला चिंचेला बांधला आणि ज्याच्या हाताला जे लागलं त्याने मारला. दुपारी पाणी मागत होता म्हणे. संध्याकाळी मेला. पोलीस आले तेव्हा सगळा पाडा म्हणाला, आम्ही शेतावर होतो. एकटा दीपेश म्हणाला, मी घरी होतो, मी बघितलं. कोण कोण होते ते सांगितलं. त्यात गावचा मुख्य पंच तुळशीराम. केस उभी राहिली, तुळशीराम जामिनावर सुटून आला, आणि त्याच पारावर बसून त्याने दीपेशला शिक्षा सांगितली.

शिक्षा सांगायची त्यांची रीत आहे. पारावर उभं राहून नाव घ्यायचं, मोठ्याने. दीपेश, समीक्षा. मग म्हणायचं, ह्यांच्याकडे गावाला डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड नाही. आणि त्या घरात जो जेवेल तोही त्यातलाच. मी म्हटलं, म्हणजे मीपण? मी तर कालच दोन वेळा भाकरी मागून घेतली.

दीपेशची सख्खी बहीण मालू, ती तुळशीरामचीच सून. शेजारच्याच घरात, चिंचेपासून पहिलं. तीसुद्धा बोलत नाही.

दीपेश म्हणाला, आई, तुमी घाबरू नका, वाळीत टाकणं आता गुन्हा हाय, नवा कायदा झालाय, तीन वर्षं आत जातील. मी तक्रार दिलीय, साहेब चौकशीला येणार हायत.

मला कायद्यातलं कळत नाही. पण शिक्षा मला कळते. आमच्या बंदरावर कुणी दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी काढली तर माझे सासरे त्याला त्याच माणसाच्या दारात बसवून त्याचं फाटलं जाळं शिवायला लावायचे. येणारेजाणारे हसायचे. पोरं चिडवायची. पण दुपारी त्याच घरातून त्याला ताट यायचं. जाळं शिवून झालं की शिक्षा संपली, आणि तो माणूस पुन्हा होडीवर. ह्या दोघांचं जाळं कुठलं? कधी शिवून व्हायचं?

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज गंमत झाली. बाळाला कुंपणाजवळ उन्हात घेऊन बसले होते. पलीकडे मालू कपडे वाळत घालत होती. काळी, उंच, दीपेशचेच डोळे. मला बघितलं नाही, पण बाळाला बघितलं. इकडे तिकडे नजर टाकली आणि कुंपणापाशी येऊन बाळाशी बोलायला लागली. काय रं सोन्या, आंघोळ झाली का, तुझ्या आजीनं तेल लय घातलं वाटतं, चकचकतोस. मी उत्तर दिलं तर तिने ऐकलंच नाही. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. मीही बाळालाच म्हटलं, सांग आत्याला, तेल घरचं हाय. असं आमचं लेकी बोले सुने लागे चाललं. बाळ बिचारं मधल्यामध्ये, कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे. तिला मूल नाही. त्याचा पाय धरून किती वेळ उभी होती.

मग हळूच म्हणाली, बाळा, तुझ्या आजीला घाई फार. तिला सांग, नाव घालू नको येवढ्यात. नाव पडलं की पारावर घेता येतं. ज्याला नाव नाय त्याला शिक्षा नाय.

घरात येऊन मी समीक्षाला म्हटलं, बघ, नणंदेचा कावा. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिला यायला मिळत नाही, म्हणून बारसंच नको.

पनवेलच्या दवाखान्यातली नर्स येऊन गेली. वजन केलं, चांगलं भरलं. बाळाच्या गालावर डासाचा फोड आहे म्हणाली, मच्छरदाणी लावा. मी माझा हात बघितला, एकही फोड नाही. म्हाताऱ्या रक्ताला डासही कंटाळले. नर्स बोलत होती ती बाळाशीच. मला वाटलं सगळ्या नर्सा तशाच असतात.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी पारावर गेले. दीपेशला सांगितलं नाही.

तुळशीराम बसला होता, आणखी चारपाच म्हातारे. मला वाटलं होतं राक्षस असेल. साधा माणूस. चष्म्याला दोरी बांधलेली. मी हात जोडले. म्हटलं, दादा, मी लेकीसाठी आले. पोराचं बारसं आहे. पाच सवाष्णी पाठवा, मग पुढे काय ते तुमचं तुम्ही बघा.

तो बाकीच्यांकडे बघून बोलला. म्हणाला, शिक्षा कशाला असते? ज्यानं केलं त्याच्यासाठी नसतेच ती. त्याचं काय, तो करून मोकळा झाला. शिक्षा बाकीच्यांसाठी असते. एका घराला गावानं डोळे मिटले की शंभर घरांच्या जिभा जागेवर राहतात. त्या चोराचंपण तसंच. आता पाड्यात कुणी खिळा तरी उचलतो का?

मी म्हटलं, मेलेला पोरगा काय शिकला? आणि कोर्टात जन्मठेप झाली तरी आत माणसाला हाक मारतात, ताट देतात, हजेरी घेतात. आमच्या पोरांची हजेरी कोण घेतो? कधीपर्यंत, ते तरी सांगा.

तुळशीराम म्हणाला, वारा सुटलाय आज.

सगळे हसले. एकाने टोपी सावरली. वारा नव्हताच. मी त्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकले, तो सहज उठला आणि माझ्या हातावर पाय देऊन चालत गेला. पाय जड होता, पण मला दुखलं नाही. घरी येऊन बघितलं, बोटं लालसुद्धा झाली नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर बसले. डासांचा ढग आला. बाळाच्या पाळण्याभोवती घोंघावत होता. आम्हा तिघांच्या अंगावर एक बसला नाही. मी बाही वर करून बसून राहिले.

२ डिसेंबर, रविवार

बारसं केलं. का नाही करायचं? लेकराने काय केलंय? नाव असलं की माणूस असतो, मग बघू कोण बघत नाही ते, असं माझं म्हणणं. दीपेश थांबा म्हणत होता, साहेब येऊन जाऊ देत. मी ऐकलं नाही. रव्याची खीर केली, घुगऱ्या केल्या, पाळण्याला झेंडू बांधला. गोविंद घ्या गोपाळ घ्या करायला पाळण्याच्या एका बाजूला समीक्षा, दुसऱ्या बाजूला सवाष्ण म्हणून कुणीच नाही, मग दीपेशनेच बाळ घेतलं. मी पाळणा गायले. गळा अजून बरा आहे.

आत्या नाही तर आजी. मीच कानात सांगितलं. हिराजी. आमच्या ह्यांचं नाव. उभ्या जन्मात मी ते नाव घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. डोळ्यांत पाणीच आलं. मग मला राहवेना. ओट्यावर गेले आणि पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडले, दीपेशच्या पोराचं नाव हिराजी ठेवलंय, हिराजी, घुगऱ्या न्यायला या. नाव घेताना इतकं बरं वाटत होतं की परत परत घेतलं.

कुणी आलं नाही. कुंपणापलीकडे मालू होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि आत पळाली.

दिवेलागणीला पारावर माणसं जमली. तुळशीरामचा आवाज आला. फार नाही, एकच शब्द. मी घेतला होता तोच.

३ डिसेंबर, सोमवार

बाळाच्या गालावरचा फोड गेला. नवा नाही.

नर्स आली होती. चिंचेपाशी स्कूटी लावली, पहिल्या घराकडे बघितलं, मग पुढे बघितलं, कागद उलटला, डोकं खाजवलं. मी ओट्यावरून हाका मारत होते. अगं बाई, इकडे, डोस राहिलाय. मालूच्या सासूला काहीतरी विचारून ती गेली. मालू दारात उभी होती. कुंपणाच्या ह्या बाजूला बाळ माझ्या हातांत रडत होतं. तिने बघितलं नाही. म्हणजे, तिला बघायचं होतं. डोळे फिरवत होती, अंधारात माणूस काडेपेटी शोधतो तशी. तिला तो सापडत नव्हता.

ती खोटं बोलली नव्हती. मी तिला कावेबाज म्हटलं.

५ डिसेंबर, बुधवार

साहेब आले. जीप, दोन शिपाई. दीपेशने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, कागद हातात. मला वाटलं सुटलो.

साहेबाने तुळशीरामला विचारलं, ते घर कुठे? तुळशीराम म्हणाला, कुठलं घर? चिंचेपासून दुसरं, साहेब म्हणाला. तुळशीरामने हात केला, ही चिंच, हे माझं घर, पुढे बघा तुम्हीच. साहेब पुढे आला. आमच्या ओट्यासमोर उभा राहिला. दीपेश त्याच्या छातीपाशी उभा राहून बोलत होता, साहेब, मी दीपेश, मीच अर्ज दिला. साहेबाने बुटाने आमची पायरी जरा चाचपली, मातीचं ढेकूळ चाचपतात तशी. मग शिपायाला लिहायला सांगितलं. मोकळी जागा. गवत. घर नाही.

एक शिपाई म्हणाला, अर्ज देणारा कुठं गेला? साहेब म्हणाला, जे घर नाही त्याला वाळीत कोण टाकणार, आणि गुन्हा कुणावर लावणार.

जीप गेली. दीपेश शर्टाची घडी घालत बसला. घालतो, मोडतो, परत घालतो.

७ डिसेंबर, शुक्रवार

मी करंजाला जाऊन आले. जगनला घेऊन येते म्हटलं, सगळ्यांना घेऊन जाऊ, राहू दे हा पाडा ह्यांना.

एसटीत कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. आधी खूश झाले. मग एक बाई माझ्या मांडीवर बसली. पिशवीसकट. उरणपर्यंत बसली.

बंदरावर लिलाव चालला होता. गंगाबाई, माझी बाळपणापासूनची मैत्रीण, सरंग्याच्या टोपलीवर बसलेली. मी तिच्या कानाशी ओरडले. तिने कान खाजवला.

घरी जगन ओट्यावर जाळं शिवत होता. मी समोर बसले. त्याच्या गुडघ्याला हात लावला. जगन, मी बय. तो थांबला, सुई हातात. वर बघितलं. मला वाटलं बघतोय. मग बायकोला म्हणाला, बय असती तर आज सुकट निवडून झाली असती.

असती तर.

मी काय मेले का? कुणी रडलं नाही, भिंतीवर फोटो नाही. माझी पातळं दांडीवर तशीच. मला कुणी मारलंच नाही. मी नुसती नाही.

परत आले. कुठे जाणार दुसरीकडे.

९ डिसेंबर, रविवार

दीपेश पारावर गेला होता. शब्द मागे घेतो म्हणायला. कोर्टात सांगतो, मी काही बघितलं नाही. मी त्याला अडवलं नाही. रामूची आई कुठूनतरी लांबून कोर्टाच्या तारखेला येते, तिच्याकडे बघून हा उभा राहिला होता. तेही आज सोडलं त्याने. पोरासाठी.

नाक घासलं पारावर. कपाळ फुटलं. कुणी बघितलं नाही. ते आता मुद्दाम करत नाहीत. त्यांना खरंच दिसत नाही. तुळशीरामलाही नाही. त्याने आता दार उघडायचं म्हटलं तरी त्याला दार सापडणार नाही.

माफी मागायलाही माणूस दिसावा लागतो.

बाळाचं रडणं बारीक झालंय. तोंड उघडतो, आवाज कमी येतो. कुठूनतरी लांबून आल्यासारखा. दूध पितो, पण अंगाला लागत नाही. सकाळी आंघोळ घालताना पाणी त्याच्या अंगावर — ओघळलं नाही. म्हणजे खाली पडलं, पण —

समीक्षा म्हणाली, बय, मला तो हलका लागतो.

माझ्याकडे टक लावून बघतो अजून. तेवढं आहे.

१० डिसेंबर, सोमवार

मालू रोज कुंपणाशी येते. रिकाम्या जागेशी बोलते. कुठं गेलास रं सोन्या.

एक आठवलं. आमच्याकडे ज्या बाईची पोरं जगत नसत ती पोर उकिरड्यावर ठेवायची. दुसरीने उचलायचं. सापडलं म्हणायचं. नाव काहीतरी द्यायचं, दगडू, धोंडू. सटवाईला वाटावं हे ते नव्हेच. मग आईने परत घ्यायचं.

शिक्षा नावावर आहे. नाव मी घातलं. मीच काढते.

समीक्षाला सांगितलं. तिने विचारलं, मग मी परत घ्यायचं ना? मी बाळाचं टोपडं बांधत बसले. तिला कळलं. बराच वेळ पाजत होती त्याला. मग म्हणाली, तू ने. माझ्या हातून सुटणार नाय. नाव काय ठेवतात ते ऐकून ये. तेवढं तरी मला पाहिजे.

दीपेश भिंतीकडे तोंड करून आहे. काल मी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. ऐकलं नाही की — आता घरातसुद्धा —

११ डिसेंबर, मंगळवार

पारावर आहे. देवीच्या दगडामागे. मंगळवार, बायका ओटी भरायला येतात. डायरी बरोबर आणली, समीक्षाला नाव लिहूनच नेते. विसरायला नको.

बाळ झेंडूच्या फुलांत ठेवलं. उघडं, अंगावर आमचं काही नको. कानात सांगितलं, तू हिराजी नाहीस. तुला नाव नाही. तू कुणाचा नाहीस. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तोंडातून निघेना.

तो बघत होता माझ्याकडे.

बायका आल्या. मालू पुढे. ताट ठेवलं. नाही बघितलं. नाही —

रडला. मोठ्याने. पहिल्यासारखा. देवा. डास बसला त्याच्या कपाळावर. एक डास. मी तो मारला नाही.

मालूने बघितलं. ताट पडलं. उचलला. छातीशी. बायका म्हणतात, कुणाचं गं. मालू म्हणाली, गावदेवीचं, आता माझं. तुळशीराम आला. चष्मा पुसतोय. त्याच्या बोटाला बाळाने धरलं. हसला तो. म्हाताऱ्यासारखा हसला, कुठल्याही —

मालू कानाशी वाकली. आत्याच आहे ती. मान तिचाच. मी अगदी जवळ गेले ऐकायला —

सुरुंग उडाला डोंगरात.

ऐकू नाही आलं. नाव. परत सांग गं. मालू, परत —

बाळाने मान वळवली. माझ्याकडे. मी तोंडाजवळ तोंड नेलं. त्याचे डोळे माझ्यावरून झाडावर गेले. पानं बघतोय. पानं हलतात ती बघतोय.

असू दे. दिसतोय ना सगळ्यांना. असू दे.

समीक्षा ओट्यावर उभी असेल. नाव काय सांगू तिला. काहीतरी सांगेन. गोड सांगेन. इथून ओटा दिसतो. पहिल्या दिवशी इथूनच दिसला होता, कानाला फडकं बांधून उभी —

ही चिंच. हे मालूचं घर. मग —

चिंच. मालूचं घर. मग